पक्षी आणि फुलांच्या छोट्या पार्कात जाताना: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पक्षी अंगाखांद्यावर येतात, हातातून खातात, मधे मधे ऑर्किडची घरं आणि फुलांचे वाफे, अशा छोट्या पार्कांबद्दल तेच तेच प्रश्न इतक्यांदा येतात की आता सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. जिथे एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आहे तिथे नंबर दिलाय. बाकी माझं मत एकच आहे आणि ते खाली पुन्हा पुन्हा दिसेल: जवळ यायचं की नाही हे पक्ष्याला ठरवू द्या.

1. अशा पार्कात नक्की असतं काय? प्राणिसंग्रहालयापेक्षा वेगळं काय?

मुख्य फरक म्हणजे जाळीच्या आत तुम्ही जाता. मोठ्ठा जाळीचा मांडव असतो, त्यात झाडं, पाणी, पायवाट, आणि पक्षी मोकळे. आत शिरताना दोन दारं लागतात, एकामागे एक. पहिलं नीट लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, ग्रुपमधे असाल तर सगळे आत येईपर्यंत थांबायचं. गर्दीत लोक मागच्यासाठी दार धरून ठेवतात, चांगल्या मनानेच, पण इथे तेच नको, पक्षी तेवढ्या फटीतून सटकतो. याशिवाय खाऊ घालायचं एखादं सेशन, हातावर पक्षी घेऊन फोटो, फुलांचा भाग, कधीकधी छोटासा शो, एवढं साधारण असतं.

2. किती वेळ ठेवावा आणि कधी जावं?

पार्क लहान असेल तर दोन तास आरामात पुरतात, फोटोवाले असाल तर तीन. जायचं उघडल्या उघडल्या. पक्ष्यांना सकाळी भूक असते, हालचाल असते, आवाज असतो, आणि दुपारी ऊन चढलं की अर्धे पक्षी फांदीवर डुलक्या काढतात आणि लोक म्हणतात पैसे वाया गेले. खाऊ घालायचं सेशन असेल तर पहिलंच गाठा, कारण दुपारपर्यंत त्यांची पोटं भरलेली असतात आणि तुम्ही कप धरून उभे राहता, कोणी ढुंकूनही बघत नाही.

फुलांचंही तसंच. जास्वंदीचं फूल बहुतेक एकाच दिवसाचं, कमळ सकाळी उमलून दुपारकडे मिटायला लागतं. उलट ते ताटासारख्या आकाराच्या पण भल्यामोठ्या पानांचं अमेझॉनचं व्हिक्टोरिया कमळ संध्याकाळी उघडतं, पहिल्या रात्री पांढरं आणि दुसऱ्या रात्री गुलाबी. तलावात त्याची कळी दिसली तर पार्क किती वाजेपर्यंत उघडा असतो ते विचारून ठेवा.

3. नेमका त्या दिवशी पाऊस लागला तर?

भुरभुर असेल तर बिनधास्त जा. पोपट, काकाकुवा हलक्या पावसात पंख पसरून उलटे लटकून आंघोळ करतात, आणि ते बघण्यासारखं दुसरं काही नाही. धो धो असेल तर मात्र सगळे आडोशाला बसतात आणि पायवाटा निसरड्या होतात. छत्रीबद्दल गेटवरच विचारा, मांडवात अचानक उघडलेली छत्री बघून पक्षी सैरभैर होतात, साधा रेनकोट बरा.

4. कपडे काय घालावे?

धुतले जातील असे. लोंबते कानातले, चकचकीत माळ, मोत्याची बटणं, हुडीच्या दोऱ्या हे सगळं पोपटाच्या दृष्टीने खेळणं आहे आणि तो ते तोडायलाच बसतो. कानातले आधीच काढून ठेवा, पोपट ओढतो तेव्हा कानाची पाळीही सोबत येते. टोपी घाला (का ते 10 मध्ये), बूट बंद घाला, आणि उग्र परफ्यूम टाळा कारण पक्ष्यांची श्वसनसंस्था फार नाजूक असते. खांदे उघडे असतील असे कपडे नकोत, नखं टोचतात.

5. घरून फळं, दाणे, ब्रेड नेला तर चालेल ना?

नाही. हा नियम तिथलाच खाऊ खपावा म्हणून केलाय असं खूप जणांना वाटतं, पण कारण खरं आहे. अवोकाडो पोपटांसाठी विषारी आहे, चॉकलेटही. टूकनला (तो भल्यामोठ्या चोचीचा पक्षी) लोहाचा त्रास असतो, त्याच्या यकृतात लोह साठत जातं म्हणून त्याचा आहार कमी लोहाचा ठेवतात, आणि संत्र्यासारखी आंबट फळं लोह जास्त शोषून घ्यायला लावतात, म्हणजे आपण प्रेमाने दिलेली संत्र्याची फोड त्याला नडू शकते. ब्रेडने बदकांचं पोट भरतं पण पोषण काही मिळत नाही. एका पक्ष्याला चालतं ते शेजारच्याला चालत नाही आणि मांडवात तर सगळे एकत्र असतात.

पोपटांच्या वाटीत कधीकधी लाल मिरच्या दिसतात, त्या बघून कुणी तक्रार करायला जाऊ नका. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवतच नाही, ते मजेत खातात.

6. लोरीकीटला (छोटे रंगीबेरंगी पोपट) नेक्टर (त्यांचं गोड पेय) पाजायचं कसं? माझ्याकडे कुणी येतच नाही.

बहुतेक लोक कप पुढे पुढे करत पक्ष्याच्या मागे फिरतात, तिथेच गाडी बिघडते. एका जागी उभे राहा, कोपर अंगाशी टेकवा, कप छातीच्या उंचीवर, हात आडवा म्हणजे त्याला बसायला फांदी मिळाली. कपाची कड बोटांनी झाकू नका. मग गप्प राहायचं. एक आला की बाकीचे आपोआप येतात, आणि मग तीन तीन चार चार जण एका कपावर भांडतात.

तो पीत असताना जीभ बघा. लोरीकीटच्या जिभेच्या टोकाला ब्रशसारखे बारीक केस असल्यासारखं दिसतं, जीभ बाहेर आली की ते उभे राहतात आणि नेक्टर, परागकण त्यात टिपले जातात. एवढ्या जवळून हे फक्त अशाच जागी दिसतं, आणि लोक नेमके तेव्हाच सेल्फीत स्वतःचा चेहरा शोधत असतात!

तरीही कुणी आलं नाही तर पोटं भरली आहेत इतकंच (2 बघा). नेक्टर म्हणजे नुसतं साखरेचं पाणी नसतं, तयार मिश्रण असतं, त्यामुळे बाटलीतलं सरबत ओतायचा विचारही नको.

7. पक्षी खांद्यावर बसला, आता उठतच नाही. काय करू?

झटकू नका आणि हाताने ढकलू नका, चावा तिथेच बसतो. एखाद्या फांदीजवळ किंवा स्टँडजवळ जा, तो खांदा थोडा खाली झुकवा, बऱ्याचदा तो स्वतःच उंच जागी चढतो. नाहीच तर स्टाफला हाक मारा, हे त्यांचं रोजचं काम आहे. डोक्यावर बसला असेल तर हळूच खाली बसा, आपण बुटके झालो की त्याला तिथे बसण्यात रस राहत नाही. मोठा मकाव (लांब शेपटीचा, दणकट चोचीचा पोपट) खांद्यावर असेल तर चेहरा त्याच्याकडे वळवून पापा घ्यायला जाऊ नका, कितीही गोड दिसला तरी.

8. पक्षी चिडलाय की खुश आहे हे कसं ओळखायचं?

हे कळलं की अर्धे प्रॉब्लेम होतच नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पोपटाच्या डोळ्यातली बाहुली भराभर लहान मोठी होत असेल तर तो उत्तेजित आहे, आनंदाने किंवा रागाने, आणि कुठलं ते बाकी अंगावरून बघायचं. मानेची पिसं फुलवलेली, शेपटी पंख्यासारखी पसरलेली, चोच उघडी, अंग पुढे झुकलेलं, म्हणजे लांब राहा. अंग बारीक करून, पिसं घट्ट चिकटवून ताठ उभा असेल तर घाबरलाय. काकाकुवाचा तुरा उभा राहणं म्हणजे दर वेळी राग नसतो, आश्चर्यानेही राहतो, पण तुरा उभा आणि फिस्स असा आवाज दोन्ही एकदम असेल तर मागे सरका.

उलट एक पाय पोटात घेऊन, पिसं सैल सोडून बसलाय आणि चोचीचा बारीक कर्र कर्र आवाज येतोय, तर तो झोपेच्या तयारीत आहे, मजेत आहे. मोठ्या मकावच्या गालांवर पिसं नसतात, पांढरं कातडं असतं, आणि तो उत्तेजित झाला की ते गुलाबी होतं, अगदी लाजल्यासारखं. हात पुढे केल्यावर तो मागे सरकला तर उत्तर मिळालं, तिथेच थांबायचं. दुसऱ्यांदा हात पुढे करणारेच जास्त चावून घेतात.

9. चावला तर रेबीजचं इंजेक्शन घ्यावं लागतं का?

नाही, रेबीज हा सस्तन प्राण्यांचा रोग, पक्षी चावल्याने होत नाही. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली नीट धुवा, स्टाफला सांगा. कातडं फाटलं असेल, खोल असेल किंवा धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर डॉक्टरकडे जा. बोटाला मोठ्या मकावचा जोरदार चावा बसला आणि बोट सुजलं किंवा वाकेना, तर त्याच दिवशी दाखवा, त्या चोचीत कठीण कवचाची फळं फोडायची ताकद असते.

10. अंगावर शी केली तर?

करणारच. लोरीकीट पातळ खातात म्हणून ते पिचकारीच मारतात. लगेच चोळू नका, ओल्या टिश्यूने उचला, नाहीतर वाळू द्या आणि नंतर धुवा. डोळ्यात किंवा तोंडात गेली तर भरपूर पाण्याने धुवा आणि पुढचं उत्तर वाचा.

11. पक्ष्यांपासून आजार होतात का? मी प्रेग्नंट आहे, जावं का?

एक आजार माहीत असावा, सिटॅकोसिस. पोपटवर्गीय पक्ष्यांच्या वाळलेल्या विष्ठेची, पिसांची धूळ श्वासात गेली की होऊ शकतो. मोकळ्या हवेतल्या, स्वच्छ पार्कात दोन तास फिरणाऱ्याला तो होण्याची शक्यता कमीच. पण साधे नियम पाळा: आत असताना तोंडाला, डोळ्याला हात नाही, आत खाणंपिणं नाही, बाहेर आल्यावर साबणाने हात. सॅनिटायझर चालतो पण हाताला शी लागलेली असेल तर साबणच.

पुढच्या एक दोन आठवड्यात ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला असं एकदम सुरू झालं तर डॉक्टरांना आवर्जून सांगा की पक्ष्यांच्या जवळ होतो. अँटिबायोटिकने बरा होतो, पण ही गोष्ट सांगितलीच नाही तर त्यांना साधा फ्लू वाटतो. गरोदर असाल, केमो चालू असेल, किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, आणि गेलात तरी खाऊ घालणं, अंगावर पक्षी घेणं सोडून द्या.

12. दमा आहे, चालेल का?

पंप खिशात ठेवून, आणि बंद हॉलपेक्षा मोकळ्या मांडवात. काकाकुवा आणि ग्रे पॅरट (आफ्रिकेतला राखाडी पोपट) यांच्या पिसांतून बारीक पांढरी पावडर सतत पडत असते, त्यांना अंगावर घेऊ नका. परागकणांची ॲलर्जी असेल तर फुलांचं बंद काचघर शेवटी ठेवा म्हणजे त्रास झाला तर सरळ बाहेर.

13. दोन अडीच वर्षांचं पोर घेऊन जावं का?

जा, पण खाऊचा कप त्याच्या हातात देऊ नका, तुम्ही धरा आणि त्याला बघू द्या. त्या वयात पक्षी दिसला की मागे धावतात, आणि धावणारं मूल म्हणजे पक्ष्याला शिकारीच. आत जायच्या आधी बाहेरच्या बाकावर बसून एकदा सांगून ठेवायचं: हळू चालायचं, पकडायचं नाही. मकाव, काकाकुवा जवळून ओरडले की कानठळ्या बसतात, आवाजाने घाबरणारं मूल असेल तर कान झाकायचे हेडफोन न्या. हातातलं बिस्किट गेटबाहेरच संपवा, नाहीतर ते हिसकावलं जाणार आणि मग रडारड.

14. सासूबाई व्हीलचेअरवर असतात आणि कानात मशीन आहे. जमेल का?

व्हीलचेअरचा प्रश्न त्या दोन दारांमधल्या जागेचा असतो, लहान पार्कात ती इतकी अरुंद असते की खुर्ची आत आल्यावर मागचं दार लागत नाही. फोन करून नेमकं हेच विचारा, नुसतं व्हीलचेअर चालते का विचारलं तर सगळे हो म्हणतात. कानातलं मशीन मात्र खरंच सांभाळा, पोपट ते उपटून काढतात, आणि त्यातली छोटी बॅटरी पक्ष्याने गिळली तर त्याच्या जिवावर बेततं. स्कार्फ किंवा कान झाकणारी टोपी बांधा आणि पक्षी खांद्याऐवजी हातावर घ्या. चष्म्याला दोरी लावा. काठीचं रबर, खुर्चीचं हँडल कुरतडतात, तेवढ्यावर लक्ष ठेवा.

15. जाळीमुळे फोटो खराब येतात, काय करावं?

लेन्स जाळीला जवळजवळ टेकवा, पक्षी जाळीपासून लांब असेल असा क्षण पकडा, अपर्चर मोठं ठेवा, जाळी विरघळून जाते. मोबाईल असेल तर लेन्स थेट भोकासमोर. ऊन पडलेली जाळी चमकते, सावलीतली बाजू शोधा. फ्लॅश बंद, सेल्फी स्टिक नको (पक्ष्याला ती त्याच्याकडे येणारी काठीच वाटते), ड्रोन तर अजिबातच नाही, वरून घिरट्या घालणारी वस्तू म्हणजे त्यांच्यासाठी ससाणा.

16. आम्हाला फक्त पक्षी बघायचेत, फुलांचा भाग सोडला तर चालेल ना?

चालेल, पण मी सोडणार नाही. पक्षी आणि फुलं एकत्र ठेवण्यामागे अर्थ आहे. मधासाठी पक्षी ज्यांच्याकडे येतात अशी बरीच फुलं लाल, नारिंगी, नळीसारखी आणि बिनवासाची असतात, कारण मधमाश्यांना लाल रंग नीट दिसत नाही, पक्ष्यांना झकास दिसतो, आणि फुलं शोधताना पक्षी वासावर फारसे विसंबत नाहीत.

बर्ड ऑफ पॅरडाइज नावाचं नारिंगी निळं फूल बहुतेक पार्कांत असतं, मूळचं दक्षिण आफ्रिकेचं. त्याचा तो निळा बाण दिसतो ना, ती पक्ष्याची बसायची जागा. पक्षी त्यावर उतरला की वजनाने बाण उघडतो आणि आतले परागकण त्याच्या पायाला चिकटतात. फुलाला हात न लावता बाजूने बघा, निळ्या पाकळ्यांमधली ती फट दिसते. हे एकदा पाहिलं की पुढच्या प्रत्येक फुलाशी थांबून इथे कोण येत असेल असा विचार येतो.

17. फुलांना हात लावला तर काय बिघडतं?

ऑर्किडचे परागकण सुटे नसतात, गोळीसारखे एकत्र असतात, आणि बऱ्याच ऑर्किडमध्ये ती गोळी निघाली की झाडाला वाटतं परागण झालं, मग महिनोन्‌महिने टिकणारं फूल काही दिवसांत मान टाकतं. म्हणजे एका बोटाने सीझन संपतो. शिवाय आपल्यालाही त्रास होतो. कन्हेर पूर्ण विषारी, डिफेनबाखियाचं (ते ठिपक्याठिपक्यांच्या मोठ्या पानांचं शोभेचं झाड) पान चावलं तर तोंड सुजतं, आणि धोत्र्याच्या नात्यातलं ते उलट्या घंटेसारखं लोंबतं फूल हाताळून डोळे चोळले तर बाहुल्या मोठ्या होऊन नजर अंधुक होते. मुलांना 13 मध्ये सांगितलेलं इथेही लागू.

18. पोपट माझ्याशी बोलेल का?

मूड असेल तर. आपण मोठ्याने हॅलो हॅलो ओरडत बसल्याने तो बोलत नाही, उलट तुम्ही पाठ वळवून चार पावलं गेलात की मागून हॅलो येतं. शिव्या मात्र शिकवू नका. 2020 मध्ये इंग्लंडमधल्या एका पार्कात पाच ग्रे पॅरट एकमेकांच्या संगतीत लोकांना शिव्या द्यायला लागले, शेवटी त्यांना वेगवेगळं ठेवावं लागलं.

19. इथे पक्ष्यांना नीट ठेवतात की नाही हे आपल्याला कसं कळणार?

सगळ्यात आधी बघा, पक्ष्याला माणसांपासून लांब जायला जागा आहे का. चांगल्या मांडवात लोकांना न जाता येणारा कोपरा असतो आणि पक्षी तिकडे गेला तर त्याला कुणी ओढून आणत नाही. हातावर पक्षी घेऊन फोटो काढतात तिथे थोडा वेळ उभे राहा. पक्षी बदलले जातात का, की एकच बिचारा सकाळपासून माणसामागून माणूस झेलतोय? पाणी स्वच्छ आहे का, चघळायला लाकूड, फांद्या आहेत का, स्टाफ लोकांना अडवतो का की नुसता फोटोचे पैसे गोळा करतो? पायात साखळी दिसली तर माझ्या मते तिथे पुन्हा जायचं कारण नाही.

पण काही गोष्टींवरून घाईने निष्कर्ष काढू नका. पायातली बारीक कडी म्हणजे साखळी नव्हे, ओळखीची रिंग असते. जोड नसलेली बंद रिंग पिल्लू काही दिवसांचं असतानाच पायात सरकवता येते, नंतर पाय मोठा होतो, त्यामुळे ती बंदिवासात जन्मल्याची खूण समजतात. छातीवरची पिसं उपटलेला पोपट दिसला तर पार्कानेच छळलं असं नाही, एकटेपणाने, कंटाळ्याने स्वतःची पिसं उपटणारे पोपट घरांतूनही सोडवून आणलेले असतात. मोठे मकाव पन्नास वर्षं जगू शकतात आणि पाळणाऱ्यांचा उत्साह तितका टिकत नाही. अशा पक्ष्याजवळ सहसा पाटी असते, नसेल तर विचारा. उत्तर द्यायची तयारी कितपत आहे यावरूनही बरंच कळतं.

आणि बंदिवासातली पैदास म्हणजे नुसता धंदा असंही नाही. स्पिक्स मकाव हा निळा पोपट 2019 मध्ये निसर्गातून नामशेष जाहीर झाला होता, 2022 मध्ये ब्राझीलमध्ये पुन्हा मोकळे सोडलेले पक्षी बंदिवासात वाढलेलेच होते. फक्त प्रत्येक पार्क पाटीवर संवर्धन लिहितो म्हणून तो हे करतो असं नाही, कुठल्या जातीसाठी काय करता हे विचारायचं.

20. मोराला पिसाराच नव्हता, आजारी होता का?

विणीचा हंगाम संपला की मोर दरवर्षी पिसारा गाळतो, पुन्हा यायला काही महिने जातात. तरुण मोरालाही पूर्ण पिसारा नसतो. तो चालत, खात असेल तर ठणठणीत आहे.

21. एवढ्या लांबून गेलो आणि पक्ष्यांचा भागच बंद. असं का करतात?

दोन कारणं जास्त. एक बर्ड फ्लू. परिसरात साथ असेल तर पक्ष्यांना आत हलवतात किंवा लोकांना मांडवात सोडत नाहीत, कधी सरकारी आदेशच असतो. दुसरं घरटी. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला जवळजवळ बंद करून घेते, फक्त एक फट ठेवते आणि नर त्या फटीतून तिला खायला देतो, अशा वेळी तो भाग बंद ठेवलेलाच बरा. निघायच्या आदल्या दिवशी फोन करा, आणि तिकिटाचे पैसे परत मिळतात का की फक्त तारीख बदलून देतात हे बुकिंगच्या वेळीच बघा.

22. खाली पडलेलं पीस किंवा बिया घरी नेल्या तर?

आधी विचारा, कारण काही पार्क सगळी पिसं गोळा करतात. त्याच देशात राहणार असाल तर तिथला कायदा काय म्हणतो ते बघा, काही देशांत रानपक्ष्याचं पडलेलं पीस बाळगणंही गुन्हा आहे. सीमा ओलांडणार असाल तर सोडूनच द्या. जवळजवळ सगळे पोपट 1973 च्या सायटिस करारात (वन्य प्राणी आणि वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) येतात आणि त्यात पिसंही धरली जातात, मकावचं एक सुंदर निळं पीस बॅगेत सापडलं तर कस्टमवाल्याला ते जमिनीवर पडलेलं होतं हे सांगून भागत नाही. बिया, कंद, ऑर्किडचं रोप यांचंही तेच, रोगमुक्तीचं सर्टिफिकेट लागतं आणि ऑर्किड तर सायटिसमध्येही आहेत.

23. माझ्या घरी पोपट आहे, त्याला सोबत नेऊ का? आणि तिथून आल्यावर काही काळजी?

सोबत नाही, कुठलाही चांगला पार्क बाहेरचा पक्षी आत घेत नाही. आल्यावर मात्र काळजी घ्या, याकडे जवळपास सगळेच दुर्लक्ष करतात. तिथले कपडे सरळ धुवायला, बुटांचे तळवे धुवायचे, आंघोळ, आणि मगच आपल्या पोपटाला हात लावायचा, कारण तुम्हाला काही होत नसलं तरी कपड्यांवरून आजार त्याच्यापर्यंत जाऊ शकतो. घरी कोंबड्या, बदकं असतील तर हे दुप्पट लागू, आणि उलट दिशेनेही: कोंबड्यांच्या खुराड्यातून थेट पार्कात जाऊ नका, मधे कपडे आणि बूट बदला. घरातल्या कोंबड्या आजारी असतील किंवा मरत असतील तर ती ट्रिप पुढे ढकला.